एक समर्थ की दोन साधारण?
ग्राफिक्स कार्डाची निवड आणि कामाची वाटणी

काही महिन्यांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या एका माध्यमिक विद्यालयाच्या मुख्याध्यापकांनी आमच्या कार्यालयाकडे एक पृच्छा केली. त्यांच्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवून संगणक कक्षासाठी काही रक्कम दिली होती. मुलांनी गावच्या इतिहासावर व पीकपाण्यावर लहानलहान ॲनिमेशनपट तयार करावेत, नकाशे काढावेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग मराठीतून करून पाहावेत, असा देणगीदारांचा हेतू होता. दोन विक्रेत्यांकडून दरपत्रके आली. रक्कम दोहोंत जवळजवळ सारखीच होती. पहिल्या दरपत्रकातील संगणकात एक समर्थ ग्राफिक्स कार्ड होते. दुसऱ्यात तुलनेने साधारण अशी दोन कार्डे होती. दुसऱ्या दरपत्रकावर ठळक अक्षरांत 'एकूण स्मृती ३२ गिगाबाइट' असे नमूद केले होते. पहिल्यावर केवळ १६ गिगाबाइटचा उल्लेख होता.

खरेदी समितीतील बहुतेक सदस्यांचा कल साहजिकच दुसऱ्या दरपत्रकाकडे होता. एकाच्या किमतीत दोन मिळत असतील, तर एकच का घ्यावे, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. मुख्याध्यापकांच्या मनात मात्र शंका होती. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते की, पैसा लोकांचा आहे आणि चूक झाली तर तो पुन्हा मागता येणार नाही.

ही अडचण एका विद्यालयापुरती मर्यादित नाही. शाळा, महाविद्यालये, पंचायत समित्या व शासकीय कार्यालये यांच्या संगणक खरेदीत आता ग्राफिक्स कार्ड हा खर्चाचा मोठा भाग होऊ लागला आहे. दरपत्रकातील आकडे मात्र अनेकदा असे मांडलेले असतात की, त्यांची बेरीज करण्याचा मोह व्हावा. ही बेरीज कोठे खरी ठरते व कोठे फसवी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ग्राफिक्स कार्डाचे कार्य

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे बिंदूंचे बनलेले असते. आज सर्वत्र आढळणाऱ्या १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर एकूण २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचे झाल्यास, दर सेकंदास सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. संगणकाच्या मुख्य प्रक्रियकात मोजके परंतु अत्यंत कुशल गणनाघटक असतात. अवघड व एकापाठोपाठ एक करावयाच्या कामासाठी ते योग्य होत. सारख्याच प्रकारची कोट्यवधी सोपी गणिते एकाच वेळी करावयाची असतील, तर मात्र थोड्या पंडितांपेक्षा हजारो साध्या हिशेबनिसांचा उपयोग अधिक होतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा हजारो हिशेबनिसांचे कार्यालय होय.

या कार्यालयाला स्वतःची स्मृती असते. तिची तुलना कारकुनाच्या मेजाशी करता येईल. ज्या प्रकरणावर काम चालू आहे, त्याचे कागद मेजावर असले पाहिजेत. मेज अपुरे पडले आणि दर वेळी दप्तरखान्यात जाऊन कागद आणावे लागले, तर कारकून कितीही चपळ असला तरी त्याचा वेळ येण्याजाण्यातच जातो. म्हणूनच कार्डाचे मोल ठरविताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: गणनाघटक किती, स्मृती किती आणि त्या स्मृतीतून दर सेकंदास किती माहिती वाचता येते.

दोन दरपत्रकांचा ताळेबंद

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एनव्हिडिया या कंपनीने जुलै २०२३ मध्ये १६ गिगाबाइट स्मृतीचे आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ४९९ डॉलर किमतीस बाजारात आणले. त्यात ४,३५२ गणनाघटक असून स्मृतिवाचनाचा वेग सेकंदास २८८ गिगाबाइट आहे आणि विजेची कमाल गरज १६५ वॅट आहे. त्याच कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आणलेल्या आरटीएक्स ४०८० सुपर या कार्डाची प्रारंभीची किंमत ९९९ डॉलर होती. त्यात १०,२४० गणनाघटक, १६ गिगाबाइट स्मृती आणि सेकंदास ७३६ गिगाबाइट इतका वाचनवेग असून वीज ३२० वॅट लागते. यानंतर २०२५ मध्ये नव्या मालिकेतील कार्डे आली. आकडे असे बदलत राहतात. तुलनेची रीत मात्र बदलत नाही. मुख्याध्यापकांकडे आलेली दरपत्रकेही याच जातकुळीतील होती.

आता दोन लहान कार्डांची बेरीज करून पाहू. किंमत ९९८ डॉलर, म्हणजे मोठ्या कार्डाएवढीच. वीज ३३० वॅट, म्हणजे जवळजवळ तेवढीच. गणनाघटक ८,७०४, म्हणजे मोठ्या कार्डाच्या ८५ टक्के. वाचनवेग ५७६ गिगाबाइट, म्हणजे सुमारे ७८ टक्के. स्मृती मात्र ३२ गिगाबाइट, म्हणजे दुप्पट. या ताळेबंदातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. वाटणी अगदी निर्दोष झाली, एका क्षणाचाही अपव्यय झाला नाही, तरीसुद्धा ही दोन कार्डे मिळून त्या एका कार्डाएवढे बळ भरत नाहीत. त्यांची सरशी होते ती केवळ स्मृतीच्या बाबतीत. तेव्हा दरपत्रकावर स्मृतीचाच आकडा ठळक छापलेला असावा, यात नवल नाही.

स्मृतीची बेरीज केव्हा होत नाही

प्रश्न असा की, हे ३२ गिगाबाइट खरोखर ३२ असतात काय? दोन कारकुनांची दोन मेजे दोन वेगवेगळ्या खोल्यांत आहेत, अशी कल्पना करावी. एकाच प्रकरणावर दोघांनाही काम करायचे असेल, तर त्या प्रकरणाच्या संपूर्ण कागदांची एक प्रत प्रत्येकाच्या मेजावर असावी लागते. मेजे दोन झाली म्हणून मोठे प्रकरण मावते असे नाही. त्याच प्रकरणाच्या दोन प्रती मात्र होतात.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत बहुधा असेच घडते. ब्लेंडर ही विनामूल्य आज्ञावली ॲनिमेशनसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्याद्वारे एखादे दृश्य दोन कार्डांवर रंगवून घेतले, तर दोन्ही कार्डे कामाला लागतात आणि वेळ खरोखर वाचतो. परंतु त्या दृश्यातील झाडे, घरे, पृष्ठभागांची चित्रे ही सारी सामग्री प्रत्येक कार्डाच्या स्मृतीत पूर्णपणे असावी लागते. दृश्यास २० गिगाबाइट लागत असतील, तर १६ गिगाबाइटची दोन कार्डे ते दृश्य सामावू शकत नाहीत.

दोन खोल्यांमध्ये रुंद दरवाजा असता, तर एकाच्या मेजावरील कागद दुसऱ्याने पाहिले असते. असा दरवाजा पूर्वी काही कार्डांना होता. एनव्हिडियाच्या २०२० च्या आरटीएक्स ३०९० या कार्डास एनव्हीलिंक नावाची जोडणी होती. पुढील ४० मालिकेतील कार्डांतून ती काढून टाकण्यात आली. आता दोन कार्डांना परस्परांशी बोलायचे तर संगणकाच्या सर्वसाधारण मार्गानेच जावे लागते. आरटीएक्स ४०६० टीआयच्या बाबतीत या मार्गाची क्षमता एका दिशेने सेकंदास सुमारे १६ गिगाबाइट आहे. कार्डाचा स्वतःच्या स्मृतीतून वाचनाचा वेग २८८ गिगाबाइट, म्हणजे अठरा पट अधिक आहे. हा अरुंद मार्गच दोन कार्डांच्या संसारातील खरी अडचण होय.

खेळांच्या क्षेत्रातील अनुभव

दोन कार्डे जोडण्याची कल्पना नवी नाही. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने व्हूडू-२ नावाचे कार्ड आणले. अशी दोन कार्डे एका लहान तारपट्टीने जोडली की एक कार्ड पडद्यावरील सम क्रमांकाच्या ओळी काढी व दुसरे विषम क्रमांकाच्या. त्यामुळे ८०० गुणिले ६०० बिंदूंऐवजी १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचे चित्र काढणे शक्य झाले. कामाची वाटणी इतकी सरळ होती की त्या काळी ही पद्धत पुष्कळ यशस्वी ठरली.

पुढे एनव्हिडियाने २००४ मध्ये आणि एटीआय कंपनीने २००५ मध्ये आपापल्या जोडणीपद्धती आणल्या. परंतु या अवधीत चित्रे काढण्याची रीत गुंतागुंतीची झाली होती. आता ओळींऐवजी संपूर्ण चित्रचौकटी वाटल्या जाऊ लागल्या. एक चौकट पहिल्या कार्डाने काढावी, पुढची दुसऱ्याने. कागदावर वेग दुप्पट झाला. प्रत्यक्षात मात्र चित्र अडखळते, अशी तक्रार येऊ लागली. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दर सेकंदास ६० चौकटी आल्या तरी त्या समान अंतराने आल्या पाहिजेत. पहिल्या कार्डाची चौकट आल्याबरोबर लगेच दुसऱ्याची आली आणि मग बराच वेळ काहीच आले नाही, तर डोळ्यांना ६० नव्हे, ३० चौकटींचाच अनुभव येतो. २०१३ च्या सुमारास चौकटींमधील अंतर मोजण्याची साधने उपलब्ध झाली, तेव्हा हा दोष आकड्यांनिशी सिद्ध झाला आणि कंपन्यांना आपल्या आज्ञावल्या सुधाराव्या लागल्या.

त्यानंतर दुसरा अडथळा आला. नव्या खेळांत प्रत्येक चौकट काढताना आधीच्या चौकटीतील माहितीचा उपयोग केला जातो. आधीची चौकट दुसऱ्या कार्डाकडे असेल, तर पहिल्यास तिची वाट पाहणे भाग पडते. वाटणी करून वाचवलेला वेळ अशा रीतीने वाट पाहण्यात खर्च होऊ लागला. २०१५ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स १२ या प्रणालीने दोन कार्डांमध्ये काम वाटण्याची जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यांवर सोपवली. फारच थोड्यांनी ती पत्करली. अखेर १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने आपल्या जोडणीपद्धतीसाठी नव्या खेळांकरिता आज्ञावलीतील सोयी देणे बंद केले. तात्पर्य, क्षणाक्षणाला पडद्यावर बदलणारे चित्र हेच मुख्य काम असेल, तर आज दोन कार्डांचा विचार करण्याचे प्रयोजन उरलेले नाही. अशा ठिकाणी दुसरे कार्ड बहुधा निष्क्रिय बसून राहते.

कामाची जात ओळखावी

मग दोन कार्डे कधीच उपयोगी नाहीत काय? तसे म्हणणे चुकीचे होईल. कामाची वाटणी हा संगणकशास्त्रातील जुना विषय आहे. १९६७ मध्ये जीन ॲमडाल या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यासंबंधीचा एक मूलभूत विचार मांडला. तो साध्या हिशेबाने समजून घेता येतो. एखाद्या कामास दहा तास लागतात आणि त्यांपैकी दोन तासांचा भाग वाटता येण्याजोगा नाही, असे समजू. उरलेले आठ तासांचे काम दोघांत वाटले, तर चार तास लागतील. एकूण वेळ सहा तास, पाच नव्हे. चौघांत वाटले तर चार तास. शंभर जण लावले तरी दोन तासांच्या खाली येता येणार नाही. म्हणजे किती जण कामाला लावले यापेक्षा कामाचा किती भाग वाटता येतो, यावर लाभ अवलंबून असतो.

या कसोटीने काही नेहमीची कामे पाहू. दोन मिनिटांच्या ॲनिमेशनपटात सेकंदास २४ या हिशेबाने २,८८० चौकटी असतात. दृश्यांची मांडणी एकदा निश्चित झाली की प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे रंगवता येते. पहिल्या १,४४० चौकटी एका कार्डाकडे व उरलेल्या दुसऱ्याकडे दिल्या, तर कोणालाही कोणाची वाट पाहावी लागत नाही. खेळातील चौकट क्षणार्धात हवी असते. चित्रपटातील चौकट उद्या सकाळी मिळाली तरी चालते. दोन्ही ठिकाणी चित्रेच काढायची असली, तरी कामाची जात अशी भिन्न आहे.

नकाशांच्या कामाचे उदाहरण ग्रामपंचायतींच्या परिचयाचे आहे. केंद्र शासनाच्या २०२० मधील स्वामित्व योजनेमुळे गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी व मिळकत पत्रिका हे शब्द गावोगावी पोहोचले आहेत. ड्रोनने टिपलेल्या शेकडो छायाचित्रांतून एकसंध नकाशा तयार करणाऱ्या मेटाशेपसारख्या आज्ञावल्या काही टप्प्यांवर दोन कार्डांचा चांगला उपयोग करून घेतात. छायाचित्रांतील समान खुणा शोधणे हा असाच टप्पा होय. परंतु सर्व छायाचित्रांची स्थाने एकमेकांशी जुळवून घेण्याचे गणित मुख्य प्रक्रियकावरच चालते. तेथे दुसऱ्या कार्डाचा उपयोग नसतो. ॲमडालच्या हिशेबातील ते न वाटता येणारे दोन तास हेच.

तिसरे उदाहरण कृत्रिम बुद्धिमत्तेचे. येथे दुप्पट स्मृतीचा आकडा खरा ठरू शकतो. भाषेचे प्रारूप म्हणजे कोट्यवधी अंकांचा संच असतो. समजा, एखाद्या प्रारूपात ३,२०० कोटी अंक आहेत आणि संक्षेप करून प्रत्येक अंक अर्ध्या बाइटात बसवला आहे. त्यास १६ गिगाबाइट लागतात आणि शिवाय चालू कामासाठी काही जागा लागते. १६ गिगाबाइटच्या एका कार्डात, ते कितीही समर्थ असले तरी, हे प्रारूप पूर्णपणे मावत नाही. दोन कार्डांत मात्र मावते. कारण प्रारूप थरांचे बनलेले असते आणि निम्मे थर एका कार्डात व निम्मे दुसऱ्यात ठेवता येतात. थरांमधून पुढे जाणारी माहिती थोडी असल्यामुळे अरुंद मार्गही पुरतो. तथापि वेग दुप्पट होत नाही, हे विसरता कामा नये. पहिल्या कार्डातील थरांचे काम संपेपर्यंत दुसरे थांबते, मग दुसऱ्याचे काम चालू असता पहिले थांबते. उत्तरातील प्रत्येक शब्दखंडासाठी १६ गिगाबाइट वाचायचे आणि वाचनवेग २८८ गिगाबाइट, म्हणजे सेकंदास फार तर १८ शब्दखंड मिळतील. उलट प्रारूप लहान असेल आणि एकाच कार्डात सहज मावत असेल, तर समर्थ कार्ड तेच काम सुमारे अडीचपट वेगाने करील.

या संदर्भात २०१२ मधील एक घटना उल्लेखनीय आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर व जेफ्री हिंटन यांनी छायाचित्रांतील वस्तू ओळखणारी एक संगणकीय रचना तयार केली. तिला सुमारे १२ लाख चित्रे दाखवून शिकवायचे होते. त्यांच्याजवळच्या जीटीएक्स ५८० कार्डाची ३ गिगाबाइट स्मृती अपुरी पडत होती. त्यांनी तशी दोन कार्डे घेतली, रचनेचा निम्मा भाग प्रत्येकावर ठेवला आणि काही ठराविक थरांवरच दोन्ही कार्डांनी परस्परांशी देवाणघेवाण करावी, अशी योजना केली. शिकवण्यास पाच ते सहा दिवस लागले. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या रचनेचे चुकीचे प्रमाण १५.३ टक्के होते; दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचे २६.२ टक्के. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगाचा आरंभ अनेक जण या यशापासून मानतात. हिंटन यांना पुढे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बाजारात सहज मिळणाऱ्या दोन कार्डांवर हे कार्य झाले ही गोष्ट खरी आहे. परंतु केवळ दोन कार्डे खोचल्याने ते झाले नाही. काम कोठे कापायचे, हे संशोधकांनी आधी ठरवले होते.

पुण्यातील 'परम'चा धडा

एक समर्थ की अनेक साधारण, हा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेकडून महासंगणक मिळवताना निर्यातनिर्बंधांमुळे भारतास अडचणी आल्या. त्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्यात एकच महाबलाढ्य प्रक्रियक नव्हता. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्स्प्यूटर नावाचे लहान प्रक्रियक एकत्र जोडून ही शक्ती निर्माण करण्यात आली होती.

हे यशस्वी का झाले, याचे उत्तर आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. ट्रान्स्प्यूटरची रचनाच मुळी शेजाऱ्यांशी संवाद साधण्यासाठी केलेली होती. प्रत्येकास परस्परांशी जोडण्याचे चार मार्ग अंगभूतच होते. शिवाय ज्या कामांसाठी असे संगणक वापरले जातात, ती मुळातच वाटता येण्याजोगी असतात. हवामानाच्या गणितात प्रदेशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन एकेका प्रक्रियकाकडे देता येतो आणि केवळ सीमेवरील माहितीची देवाणघेवाण करावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये कार्यान्वित झालेला 'अर्क' हा महासंगणकही अनेक प्रक्रियकांच्या सहकार्यावरच चालतो. म्हणजे अनेक साधारण घटकांतून मोठे सामर्थ्य उभे राहते, हे निःसंशय. मात्र त्यासाठी वाटता येणारे काम, रुंद मार्ग आणि वाटणी जाणणारी आज्ञावली या तिन्हींची जोड असावी लागते. यांपैकी एक जरी उणे असेल, तर संख्या वाढवून उपयोग होत नाही.

वीज, उष्णता आणि जागा

खरेदीच्या वेळी न दिसणारा खर्च पुढे दिसू लागतो. सुमारे ३२० ते ३३० वॅटचा भार पूर्ण क्षमतेने तीन तास चालला की विजेचे जवळजवळ एक युनिट खर्च होते. या बाबतीत वरील दोन पर्यायांत विशेष फरक नाही. फरक पडतो तो व्यवस्थेत. कंपनीच्या शिफारशीनुसार आरटीएक्स ४०८० सुपर असलेल्या संगणकास ७५० वॅटचा, तर एक आरटीएक्स ४०६० टीआय असलेल्या संगणकास ५५० वॅटचा वीजपुरवठा संच पुरतो. अनेक शाळांत संगणकासोबत ६०० व्होल्ट-अँपिअरचे यूपीएस दिलेले असते. ते साधारणतः ३६० वॅटच भार पेलते. असे यूपीएस यांपैकी कोणत्याही मोठ्या योजनेस अपुरे पडेल आणि भारनियमनाच्या वेळी रात्रभर चाललेले काम वाया जाईल.

दोन कार्डे एकाच पेटीत शेजारी बसवली की वरच्या कार्डास खालच्याची तापलेली हवा मिळते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा व कक्षातील धूळ लक्षात घेता ही बाब क्षुल्लक नाही. तापलेले कार्ड स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करते आणि मग कागदावरील बेरीज आणखी घटते. शिवाय सर्वसाधारण मदरबोर्डवर दुसरे कार्ड बसण्याइतकी जागा असली, तरी त्या खाचेस पुरेसा रुंद मार्ग दिलेला असतोच असे नाही. दोन कार्डांच्या बाजूनेही एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. एक कार्ड बिघडले, तर दुसऱ्यावर काम चालू राहते. एकमेव कार्ड बिघडले, तर दुरुस्ती होईपर्यंत काम थांबते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून खरेदी समितीने कोणत्या क्रमाने विचार करावा, हे ठरवता येईल. प्रथम संगणकावर होणारे सर्वांत मोठे एकेक काम कोणते, त्याची यादी करावी व त्यास किती स्मृती लागते ते पाहावे. ते एका कार्डात मावत नसेल आणि आज्ञावली ते विभागू शकत असेल, तरच एका पेटीतील दोन कार्डांचा विचार करावा. दुसरे असे की, वापरावयाच्या आज्ञावलीचे नाव दरपत्रकाच्या मागणीतच लिहावे आणि ती दोन कार्डे वापरते काय, याचा लेखी खुलासा विक्रेत्याकडून घ्यावा. तिसरे, 'एकूण स्मृती' हा शब्दप्रयोग स्वीकारू नये. प्रत्येक कार्डाची स्मृती व वाचनवेग स्वतंत्रपणे मागावा. चौथे, शक्य असल्यास आपलेच एखादे काम दोन्ही संगणकांवर करून दाखवण्यास सांगावे व घड्याळ लावून वेळ मोजावा. घड्याळाइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाही. पाचवे, विजेची व्यवस्था खरेदीच्या अंदाजपत्रकातच धरावी.

आणि शेवटचा प्रश्न, जो बहुधा विचारलाच जात नाही: या संगणकावर एका वेळी किती जण काम करणार?

मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी मिळाले. त्यांनी कामांची यादी केली, तेव्हा मुलांच्या ॲनिमेशनपटांना, नकाशांना किंवा भाषेच्या प्रयोगांना १६ गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती लागेल, असे एकही काम त्यांच्यासमोर नव्हते. अतिशय वेगाची निकडही नव्हती. काम रात्रभर चालवून सकाळी पाहिले तरी चालणार होते. टंचाई होती ती बसण्याच्या जागेची. विद्यालयात दोन-तीन वर्षांपूर्वी मिळालेले चांगल्या स्थितीतील संगणक होतेच. तेव्हा समितीने दोन्ही दरपत्रके बाजूला ठेवली. दोन साधारण कार्डे घ्यावीत, परंतु ती एका पेटीत न बसवता हाती असलेल्या दोन संगणकांत एकेक बसवावीत, त्या दोहोंचे वीजपुरवठा संच बदलावेत आणि उरलेल्या रकमेत पुरेशा क्षमतेची यूपीएस घ्यावीत, असे ठरले. आता एकाऐवजी दोन गट एकाच वेळी काम करू शकतात. रात्री ॲनिमेशनपटाच्या निम्म्या चौकटी एका संगणकावर व निम्म्या दुसऱ्यावर लावल्या जातात. उद्या एखादे मोठे काम निघालेच, तर दोन्ही कार्डे एकत्र आणण्याचा मार्गही मोकळा आहे.

हा निर्णय सर्वांनाच लागू पडेल असे नाही. एखाद्या तंत्रनिकेतनातील एकाच अभ्यासकास जलद काम हवे असेल, तर त्याने समर्थ असे एकच कार्ड घेणे योग्य. मोठे भाषाप्रारूप चालवू पाहणाऱ्या संशोधकास दोन कार्डेच घ्यावी लागतील. एक की दोन, हा प्रश्न वस्तूंच्या संख्येचा दिसला, तरी वस्तुतः तो कामाच्या स्वरूपाचा आहे. काम वाटता येते काय, वाटल्यावर परस्परांची किती वाट पाहावी लागते आणि ते किती जणांनी करायचे आहे, हे आधी ठरले म्हणजे दरपत्रक वाचणे सोपे होते. लोकांच्या पैशातून होणाऱ्या खरेदीत तरी हा क्रम उलटा होता कामा नये.